साहेबांचे खापरपणजोबा

दोह्याला आले तेव्हा तिथल्या सरकारने मला एक ओळखपत्र दिलं आणि त्यावर 'गृहिणी' असं छापलं. त्याआधी आठ-नऊ वर्षं मी नाशिकच्या कोर्टात वकिली करत होते, पण ते त्या कार्डाला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, आणि नाशिकच्या वकिलाला तिथल्या कोर्टात उभं करायला कुणी वेडं नव्हतं. त्यामुळे मी अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून उलटतपासणी घ्यायचे ती भाजीवाल्याची, एसी दुरुस्त करायला येणाऱ्याची आणि मुख्यतः नवऱ्याची. मुलगी वाचली, कारण तिला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि साक्षच बाद व्हायची.

नवरा एका स्टेडियमवर इंजिनिअर होता. वर्ल्ड कप जवळ येत होता आणि गावातला प्रत्येक रस्ता रोज सकाळी नव्या ठिकाणी वळवलेला असायचा. आमच्या ओळखीतले सगळे पुरुष एकच विषय बोलायचे. स्टेडियम पूर्ण होणार याचा आनंद आणि पूर्ण झालं की आपल्याला घरी पाठवणार याची धास्ती. काम लवकर झालं तर शाबासकी आणि विमानाचं तिकीट एकदमच मिळणार होतं. त्यामुळे आमच्या मंडळींच्या कामसूपणात एक प्रकारची विचारपूर्वक मंदगती आली होती.

कोण राहणार आणि कोण जाणार हे नवऱ्याच्या साहेबांच्या हातात होतं. साहेब अमेरिकन. उंच, लालबुंद, अत्यंत सभ्य. ऑफिसात त्यांच्या खोलीबाहेर कामगारांच्या विश्रांतीविषयी एक मोठं पोस्टर होतं आणि ते स्वतः त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घ्यायचे. त्यांना एकच व्यसन होतं, आणि ते म्हणजे त्यांचे पूर्वज.

हे पूर्वज किती पिढ्या मागचे ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मी त्यांना खापरपणजोबा म्हणायचे. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती तेव्हा हे गृहस्थ एका नदीकाठच्या गावात वकील होते आणि पुढे आपल्या राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले. साहेबांना निवृत्त होण्याआधी त्यांचं चरित्र लिहून व्हायला हवं होतं. लिहायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर लिहिताही येत नव्हतं. एका पार्टीत नवऱ्याने कौतुकाने सांगून टाकलं, "माय वाइफ इज ॲन ॲडव्होकेट." साहेबांचे डोळे चमकले.

घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, "अगं, कर ना. तुलाही काहीतरी विरंगुळा. आणि रिन्यूअलची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे."

"विरंगुळा म्हणून मी एका माणसाचं अख्खं आयुष्य लिहायचं?"

"छोटंसं आयुष्य असेल गं. जुन्या काळातलं."

मी एकच अट घातली. मुखपृष्ठावर साहेबांच्या नावाबरोबर माझंही नाव हवं, आणि त्याच्याआधी ॲडव्होकेट लिहिलेलं हवं. साहेबांनी 'ऑफ कोर्स' म्हटलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी घरी येऊन श्रीखंड केलं. बाई परदेशात जाऊन काय करते, असं माहेरी कुणी विचारलं की मला आजवर हवामानाबद्दल बोलावं लागत होतं. आता माझ्या नावाचं पुस्तक येणार होतं.

दर शनिवारी सकाळी आम्ही द पर्ल नावाच्या बेटावरच्या एका कॉफीच्या दुकानात बसायचो. समोर बोटी उभ्या असत. त्या कुठे जाताना मी कधी पाहिल्या नाहीत. साहेब बोलायचे आणि मी लिहून घ्यायचे.

खापरपणजोबांचं कर्तृत्व थोर होतं. त्यांनी कायद्याचं शिक्षण म्हणून एका जुन्या वकिलाच्या कचेरीत बसून पुस्तकं वाचली होती, परीक्षा वगैरे काही नाही. दोन-चार वकिलांनी जेवणानंतर तोंडी प्रश्न विचारले आणि झाले वकील. मला माझ्या पहाटे उठून केलेल्या पाठांतराची आठवण झाली आणि मी पान उलटलं. मग ते घोड्यावरून गावोगावच्या कोर्टात जायचे. एक खटला शेजाऱ्याच्या डुकराने मका खाल्ल्याचा. एक खटला कुंपणाच्या उंचीचा. अशील पैसे नसले तर धान्य द्यायचे, कधी पीप भरून दारू द्यायचे, आणि पणजोबा नाही म्हणायचे नाहीत. नाशिकलाही अशील पिशवीभर द्राक्षं आणून द्यायचे, त्यामुळे मला माणूस ओळखीचा वाटू लागला.

आमदार झाल्यावर तर त्यांनी कमालच केली. मोकाट डुकरांवर एक विधेयक आणलं. नावेच्या भाड्यावर दुसरं आणलं. लांडगा मारणाऱ्याला बक्षीस देण्यावर तिसरं आणलं आणि ते नामंजूर झालं, कारण लोक शेजारच्या राज्यातले लांडगे मारून आणतील अशी भीती होती. शिवाय स्वातंत्र्य या विषयावर त्यांनी एक भाषण केलं. ते दुपारी सुरू झालं आणि दिवे लागले तरी चालूच होतं. आपल्याकडचे आमदार उगाच बदनाम आहेत असं मला वाटलं.

"एवढा वेळ त्यांचा घोडा बाहेर उभा?" मी सहज विचारलं. कोर्टात सवय असते, साक्षीदार रंगात आला की बारीक काहीतरी विचारायचं.

"घोडा त्यांच्या माणसाने धरला होता ना," साहेब हसून म्हणाले. ही त्यांच्या घरातली लाडकी गोष्ट होती. पणजोबांबरोबर नेहमी एक माणूस असायचा. कायद्याची पुस्तकं तो डोक्यावर घेऊन नदी ओलांडायचा, एकही भिजू द्यायचा नाही. आणि घरी मुलगी होती, तिच्या हातच्या मक्याच्या भाकरीची चव अख्ख्या विधिमंडळाला माहीत होती.

"मुलगी म्हणजे त्यांची मुलगी?"

"नाही, नाही. घरात राहायची."

"पगार काय होता दोघांना?"

साहेबांनी कॉफीचा कप उचलला, त्यात कॉफी नव्हती. "ते घरच्यासारखेच होते," ते म्हणाले.

"मग इस्टेटीत वाटा मिळाला असेल."

"तसं नाही."

"सुट्टी?"

"तो काळ वेगळा होता."

"सोडून जायचं म्हटलं तर जाता येत होतं?"

साहेबांनी रिकामा कप बशीत ठेवला. शेवटी म्हणाले की पणजोबा गेल्यावर ती दोघं जावयाकडे गेली, घोड्याबरोबर. हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं, खोटं बोलले नाहीत. सभ्य माणूस, मी आधी म्हटलंच आहे. मी मान हलवली आणि लिहून घेतलं. डुक्कर आणि कुंपण करता करता मला तो माणूस आवडायला लागला होता, आणि आता त्याचा राग आला होता.

घरी येऊन मी तो परिच्छेद लिहिला. चारच वाक्यं. या आमदारांच्या मालकीची दोन माणसं होती. त्यांना मोबदला नव्हता. स्वातंत्र्यावरचं भाषण चालू असताना त्यांच्यातला एक बाहेर घोडा धरून उभा होता. मालकाच्या मृत्यूनंतर ती वारसाहक्काने जावयाकडे गेली. एकही विशेषण नाही. आमच्या सीनियरनी शिकवलं होतं, बाजू भक्कम असली की विशेषणं काढून टाकायची.

साहेबांनी मसुदा वाचला आणि फारच छान झालाय म्हणाले. फक्त तो परिच्छेद जरा सौम्य करता येईल का? 'घरातले मदतनीस' असं म्हणता येईल का? मी म्हटलं, येणार नाही. मग त्यांनी हसतमुखाने मला पर्याय दिला. परिच्छेद काढला तर मुखपृष्ठावर दोघांची नावं. ठेवायचाच असेल तर त्यांच्या घरच्यांना चालणार नाही, मग ते तो स्वतः काढतील आणि माझं नाव घालणं त्यांना 'योग्य वाटणार नाही'. बांधकामाच्या कंत्राटात असतं तसं सगळं स्वच्छ होतं. एक हवं तर दुसरं सोडा.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चार ओळी आहेत गं. खलास करून टाक. दोनशे वर्षांपूर्वीचं प्रकरण, आणि तेही दुसऱ्याचं."

"आणि माझं नाव?"

"तेच तर म्हणतोय, नाव मिळतंय ना!"

त्याचं चुकत नव्हतं. त्याच्या बरोबरीचे दोघे त्याच आठवड्यात सामान बांधत होते. मी साहेबांकडून दोह्यातल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमापर्यंत वेळ मागून घेतला. तारीख मागणं हे वकिलाचं पहिलं कौशल्य.

तर मंडळ. आमच्या मंडळाने महाराष्ट्र दिनाला प्रमुख पाहुणे म्हणून साहेबांना बोलावलं होतं. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध काय, असं मी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्ष कोल्हापूरकडचे, मनाने मोकळे.

"वहिनी, माणूस स्टेडियमवाला हाय. मॅचची चार तिकिटं मिळाली तर मिळाली. नाय तर आपला एक नारळ गेला."

पाहुण्यांना भेट म्हणून काय द्यायचं हेही त्यांनी ठरवलं होतं. शाल नको, उन्हाळ्यात बिचारा घामाने जाईल. त्यांच्या पूर्वजांचं एक चित्र साहेबांकडे होतं, त्याची प्रत मोठी करून फ्रेम करून द्यायची. ओळख करून द्यायचं काम अर्थात माझ्याकडे, कारण 'तुम्ही त्यांच्यावर पुस्तकच लिवताय'.

कार्यक्रमाच्या दिवशी मी हॉलवर पोचले आणि दारातच थबकले. आपल्याकडे कार्यक्रम सुरू होतो तो प्रतिमापूजनाने. स्टेजवर टेबल, टेबलावर सरस्वतीची तसबीर, शेजारी समई. समई बॅटरीची, कारण आधीच्या वर्षी खऱ्या समईमुळे आगीची घंटा वाजून अर्धं मंडळ रस्त्यावर आलं होतं. फ्रेम भेट द्यायची म्हणून कुणीतरी ती टेबलावर आणून ठेवली होती. आणि सजावट समितीतल्या काकूंना आयुष्यभर एकच नियम माहीत. फ्रेममधला गंभीर म्हातारा दिसला की हार घालायचा.

त्यांनी घातला होता. कपाळावर गंधही लावलं होतं. उंच गळपट्टीचा कोट घातलेले खापरपणजोबा झेंडूच्या हारातून लोकांकडे विधिमंडळात बघावं तसे बघत होते.

"काकू, हे कोण माहीत आहे का?" मी विचारलं.

"कुणी का असेनात, सुधारक दिसतायत," काकू म्हणाल्या आणि दुसरा हार नीट करायला लागल्या.

मी काही बोलायच्या आत साहेब आले. त्यांनी स्टेजकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम हलला. डोळे भरून आले. अध्यक्षांनी त्यांच्या हातात फुलं दिली, त्यांनी आपल्याच पूर्वजाला वाहिली. मग कार्यकारिणीने वाहिली. मग रांगच लागली. लोक चपला काढून स्टेजवर चढत होते, फूल ठेवत होते, हात जोडत होते. लहान मुलांना आया मागून ढकलत होत्या. माझी मुलगी रांगेत होती. तिनेही फूल ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि खाली उतरून मोबाइल बघायला लागली.

ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्या लेकीने त्या माणसाच्या पाया पडावं, आणि मी खाली कागद धरून पाहुण्यांची ओळख पाठ करत बसावं!

मला माइकवर बोलावलं. नवरा दुसऱ्या रांगेत होता. त्याने माझा चेहरा पाहिला आणि डोळे मिटून घेतले. मी साहेबांची ओळख करून दिली, त्यांच्या स्टेडियमची स्तुती केली, टाळ्या झाल्या. मग म्हटलं, ज्यांना आत्ता आपण सगळ्यांनी फुलं वाहिली त्यांचीही ओळख करून देते. डुकरं सांगितली, लोक हसले. लांडगे सांगितले, जास्त हसले. साहेबांना मराठी येत नव्हतं. लोक हसताहेत म्हणून तेही कौतुकाने हसत होते. मग मी त्या चार वाक्यांचं मराठी केलं आणि थांबून थांबून वाचलं.

मागे कुणीतरी लाडूचा डबा उघडत होतं, तेही थांबलं. अध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, आवरा की आता."

तेवढ्यात सजावटीच्या काकू उठल्या. साडी सावरत स्टेजवर आल्या, फ्रेमवरचा हार काढला, पदराच्या टोकाने गंध पुसलं आणि हार सरस्वतीला घातला. "ताजा आहे, वाया कशाला घालवायचा," असं कुणालाही उद्देशून न बोलता त्या परत जाऊन बसल्या.

साहेबांनी मला जवळ बोलावून विचारलं, त्या बाईंनी हार का काढला? मी काय वाचलं ते मी इंग्रजीत शब्दशः सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला. त्यांनी फ्रेम काखेत धरली, शुक्रन म्हणून सगळ्यांचे आभार मानले आणि न जेवता गेले. मला त्यांची दया आली. थोड्याच वेळापूर्वी त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं.

गाडीत नवरा एकच वाक्य बोलला, "मसालेभात तरी खाऊन जायला हवं होतं त्यांनी." मंडळात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, वहिनींनी योग्य केलं. दुसऱ्याचं म्हणणं, योग्यच केलं, पण तिकिटांनंतर करायला हवं होतं.

पुढे जे झालं त्याला न्याय म्हणावं की विनोद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नवऱ्याचं रिन्यूअल झालं, कारण काम उरलं होतं, यापेक्षा उदात्त कारण त्याला नव्हतं. साहेबांनाच वरून निरोपाचा केक आला. जाण्याआधी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. त्या पोस्टरखाली खोकी भरून ठेवली होती.

ते म्हणाले, "तो परिच्छेद मी काढून पाहिला. काढला की मला त्या हार काढणाऱ्या बाई दिसतात. ठेवला तर माझ्या बहिणी माझ्याशी बोलणार नाहीत. तेव्हा तो राहू दे, पण त्याखाली माझं नाव मी घालू शकत नाही. पुस्तक तुमचं एकटीचं."

म्हणजे ज्या नावासाठी मी भांडत होते ते मला मिळालं, आणि तेही संपूर्ण मुखपृष्ठासकट, कारण त्या घरातल्या कुणालाच आपलं नाव तिथे नको होतं. मी लगेच हो म्हटलं. मान वगैरे विचार करायला वेळ घालवला नाही. इतकी वर्षं कुणी मला काही एकटीचं दिलं नव्हतं.

पुस्तकांचं खोकं आलं तेव्हा साहेब आपल्या देशात परत गेले होते आणि गावात सगळीकडे वेगवेगळ्या देशांचे झेंडे लागत होते. मी सुरीने खोकं फोडलं. मुखपृष्ठ निळं, मध्ये खापरपणजोबा, आणि खाली माझं नाव. ॲडव्होकेट, मग माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, ठळक टायपात. मी रडले. लाज कशाची त्यात. नाशिकला फोन केला, आईने तिकडे देवाजवळ साखर ठेवली. नवऱ्याने पुस्तकाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. यल्ला, चला, बाहेर जेवायला जाऊ, म्हणाला.

मुलगी सोफ्यावर आडवी पडून पुस्तक चाळत होती. ती ते वाचेल अशी माझी अपेक्षा नव्हती, पण ती त्या परिच्छेदापाशी थांबली. घोडा धरणाऱ्या माणसाचं नाव मी तिथे नंतर घातलं होतं, साहेबांना ते गोष्टीतून माहीत होतं.

"आई," ती म्हणाली, "ही हॅज अ नेम. व्हॉट वॉज हर्स?"

"कुणाचं?"

"द गर्ल. भाकरीवाली."

मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं. खरंच नव्हतं. तिथल्या तिथे साहेबांना मेल केला. त्यांचं उत्तर आम्ही जेवून परत यायच्या आत आलं होतं. ते प्रामाणिक माणूस, त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आत्यालाही फोन करून विचारलं होतं. घरात सगळे तिला मुलगीच म्हणायचे, असं त्यांनी लिहिलं होतं. पणजोबा आमदार होण्याआधीपासून ती जावयाकडे जाईपर्यंत मुलगीच. दुसरं काही कुणी कधी सांगितलं नाही.

मी मुलीला तसं सांगितलं.

"बट आई," ती म्हणाली, "शी मस्ट हॅव ग्रोन अप."

"हो," मी म्हटलं, "मोठी झाली असणार."